प्रेमकथेला ‘हलका विषय’ म्हणून आलेला नकार कसा वाचावा?

शब्दवेल (ठाणे, घोडबंदर रोड)

मी प्रेमकथा लिहिते आणि पुढेही प्रेमकथाच लिहिणार आहे, हे आधीच स्पष्ट करते. माझी पहिली कादंबरी पूर्ण होऊन बराच काळ झाला आहे. नौपाड्यात वाढलेली आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी मुलगी, घणसोली गावठाणातल्या आगरी घरातला मुलगा, आणि संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतून मिळालेल्या भूखंडावरून त्याच्या घरात भावाभावांत पेटलेला वाद, असे साधारण कथानक आहे. शेवट सुखाचा आहे.

प्रकाशकांकडून आलेली उत्तरे तीन प्रकारची आहेत. काहींनी उत्तरच दिले नाही. काहींनी ‘आमच्या प्रकाशन-धोरणात बसत नाही’ असे लिहून बाड साभार परत केले. एका प्रकाशकाने मात्र सविस्तर पत्र लिहिले आणि त्यात भाषा चांगली असली तरी विषय हलका आहे, सामाजिक आशय वाढवल्यास पुन्हा विचार करता येईल, असे म्हटले. या तिसऱ्या पत्राने मी अस्वस्थ झाले आहे. कादंबरी त्यांच्या सूचनेप्रमाणे बदलावी, आहे तशीच दुसरीकडे पाठवत राहावे, की सरळ ऑनलाइन प्रकाशित करावी? लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी, दोघांनीही मत द्यावे.

ऐरोलीकर

जमिनी गेलेल्या घरात भूखंडाच्या वाट्यावरून फुटलेली भावकी, हा विषय सामाजिक नसेल तर सामाजिक कशाला म्हणायचे? त्या पत्रलेखकाने बहुधा शेवटची पाने आधी वाचली असावीत.

जीर्णपुस्तक (निवृत्त ग्रंथपाल)

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर माझी नोकरी गेली. तिथे कोणती पुस्तके कपाटात राहतात आणि कोणती सतत फिरतात हे कोणी न सांगता कळते. पुनर्बांधणीसाठी सर्वांत जास्त वेळा बाइंडरकडे जाणारी पुस्तके प्रेमकथांची आणि रहस्यकथांची असत, आणि ती नेणारे वाचक कॉलेजच्या मुलींपासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सर्व प्रकारचे असत.

‘हलके’ या आरोपाचा इतिहास मराठीत जुना आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद पिढ्यान्‌पिढ्या शाळाकॉलेजांत शिकवला गेला आणि त्यातून प्रणयकथा म्हणजे केवळ रंजन असा एक पक्का समज तयार झाला. परंतु कलेसाठी कला म्हणणाऱ्या त्याच ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या रचनेचा गंभीर विचार मांडला आणि १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, याचा लोकांना विसर पडतो. दुसरे उदाहरण चंद्रकांत काकोडकरांचे. १९६२ च्या एका दिवाळी अंकातील त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला. ज्या प्रकाराला आज ‘हलका’ म्हटले जाते, त्या प्रकारच्या लेखकाला आपल्या एका कथेसाठी इतकी वर्षे न्यायालयात उभे राहावे लागले आहे. शब्दवेलताई, तुम्हाला आलेल्या पत्रामागे ही सगळी जुनी धारणा आहे, आणि तिचा तुमच्या कादंबरीच्या गुणवत्तेशी फारसा संबंध नाही.

कोरी_वही

काकांविषयी आदर आहे, पण त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. प्रत्येक नकारामागे वाङ्मयीन पूर्वग्रह आहे असे मानले की लेखकाला स्वतःच्या मजकुराकडे पाहण्याची गरजच उरत नाही. ‘धोरणात बसत नाही’ हे छापील वाक्य आहे. त्यातून काहीही शिकण्यासारखे नाही, म्हणून ते फाइल करून विसरावे. सविस्तर पत्र मात्र दुर्मीळ असते. ज्याने ते लिहिले त्याने तुमचे बाड वाचण्यात काही तास घालवले आहेत. त्याने सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, पण जिथे त्याचे लक्ष उडाले ती जागा बहुधा खरीच असते. ‘हलका’ हा शब्द त्याने विषयासाठी वापरला असला, तरी त्याला हाताळणी हलकी वाटली असण्याची शक्यता आहे. उत्तर पाठवून एवढेच विचारा की वाचताना कोणत्या प्रकरणापासून तसे वाटू लागले.

मुद्रणप्रत

कोरी_वही यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एका दिवाळी अंकाच्या कथाविभागाचे काम मी बरीच वर्षे पाहिले, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडे लिहितो.

पहिली गोष्ट वेळेची. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि आजही मराठीत नव्या कथालेखकाला वाचकांपर्यंत नेणारा सर्वांत मोठा रस्ता तोच आहे. पण या अंकांचे काम उन्हाळ्यातच सुरू होते. जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर बहुतेक ठरलेला असतो आणि गणपतीच्या सुमारास पाने लावण्याची घाई असते. सप्टेंबरमध्ये आलेली उत्तम कथाही परत जाते, आणि लेखक मात्र आपल्या लेखनात काय कमी पडले याचा विचार करत बसतो. मेअखेरीस पाठवलेली तीच कथा कदाचित छापली गेली असती.

दुसरी गोष्ट प्रेमकथेच्या रचनेची. मी ज्या प्रेमकथा आठ-दहा पानांत बाजूला ठेवत असे, त्यांत प्रेम हा विषय असणे ही अडचण कधीच नव्हती. अडचण अडथळ्याची असे. दोघांच्या मध्ये जे उभे आहे ते एका फोनने दूर होणारे असेल, तर वाचक तिसऱ्या प्रकरणात मनातल्या मनात ‘अगं, फोन कर ना त्याला’ म्हणू लागतो आणि मग त्याला थांबवता येत नाही. गैरसमज, चोरून ऐकलेले अर्धे वाक्य, भलत्याच्या हाती पडलेली चिठ्ठी, ही साधने फोन घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या कथांत शोभत होती. आजच्या ठाणे-नवी मुंबईतल्या दोन माणसांमध्ये खरे अडथळे कोणते असतात? वीस वर्षांचे गृहकर्ज, एकट्या आईला सोडून न जाता येणे, एकाची रात्रपाळी, परदेशातील प्रकल्पावर जाण्याची संधी, जातीचा उल्लेखही न करता जातीवरून दिला जाणारा नकार. यांतला प्रत्येक अडथळा असा आहे की दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. ज्या अडथळ्यात कोणी एक चूक असतो त्यातून भांडण तयार होते. दोघेही बरोबर असतील तेव्हाच कादंबरीभर पुरेल इतका ताण तयार होतो.

आणखी एक निरीक्षण. नायिका कशी दिसते याला दोन पाने आणि तिला काय हवे आहे याला एक वाक्य, हे प्रमाण मी फार वेळा पाहिले आहे. ते उलटे करावे. तिला प्रेमाव्यतिरिक्त काहीतरी तीव्रतेने हवे असले पाहिजे, आणि ते प्रेमाच्या आड आले पाहिजे.

शब्दवेल, तुमचा भूखंडाचा वाद कथेत नेमके काय करतो? तो नायकाच्या घरची पार्श्वभूमी म्हणून आहे, की त्याच्यामुळे या दोघांना काही निवडावे लागते? मला वाटते, तुमच्या पत्राचे उत्तर या प्रश्नात आहे.

रेषा_नेरूळ

इथे सगळी चर्चा छापील पुस्तकाला धरून चालली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. प्रतिलिपि हे ऑनलाइन कथा लिहिण्या-वाचण्याचे व्यासपीठ २०१४ मध्ये सुरू झाले आणि मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्या असंख्य स्त्रियांना तिथे वाचक मिळाले. मीही तिथे मालिका स्वरूपात लिहिले आहे. भाग टाकल्यावर काही तासांत प्रतिक्रिया येतात, वाचक पुढचा भाग मागतात, आणि आपले लेखन कोणाला तरी हवे आहे ही जाणीव लेखकाला टिकवून धरते. ज्या काळात छापील जगातून मला केवळ मौन मिळत होते, त्या काळात या वाचकांमुळेच मी लिहीत राहिले, हे मी कृतज्ञतेने सांगते.

मात्र मालिकेचे लेखन आणि कादंबरीचे लेखन वेगळे असते. दर भागाच्या शेवटी उत्सुकता ठेवावी लागते, त्यामुळे मधल्या शांत जागा लिहायला धीर होत नाही. वाचकांच्या आग्रहाखातर कथा लांबते. तुमची कादंबरी पूर्ण आहे, हे तुमच्या बाजूचे आहे. ती भागांत टाकली तरी तिचा शेवट आधीच ठरलेला राहील.

ॲमेझॉनच्या किंडल ई-पुस्तकांचाही विचार करा. मराठी पुस्तक तिथे स्वतः प्रकाशित करता येते. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल तर पुस्तक त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते, आणि त्या नव्वद दिवसांच्या मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती अन्य कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे आधी मालिका टाकली असेल तर ती काढावी लागेल.

मुद्रणप्रत

रेषाताईंच्या माहितीला एक जोड. बहुतेक दिवाळी अंकांना अप्रकाशित मजकूर लागतो आणि ऑनलाइन टाकलेली कथा ते प्रकाशितच मानतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी छापील, मग ऑनलाइन असे जाता येते; उलट दिशेने जाणे अवघड होते.

लोकलवाचक

मी लिहीत नाही, फक्त वाचतो, तेही ठाणे-वाशी प्रवासात. प्रेमकथा मला मनापासून आवडतात, हे एक पन्नाशीचा पुरुष म्हणून इथे नोंदवून ठेवतो, कारण आमच्यासारखे वाचक आहेत हे प्रकाशकांना ठाऊक नसावे. एका कथेच्या नादात तुर्भ्याला उतरायचे राहून मी वाशीपर्यंत गेलो आहे.

वाचक म्हणून माझी मागणी साधी आहे. आमचा परिसर लिहा, पण तो पाहून लिहा. एका कथेत ऐरोलीहून घणसोलीला जाताना नायक-नायिकेचे इतके दीर्घ संभाषण होते, की गाडी मध्ये कुठे अडकली आहे असे वाटावे. या दोन स्थानकांच्या मध्ये फक्त रबाळे आहे. दुसऱ्या एका कथेत भर श्रावणात दोघे खाडीवर फ्लेमिंगोंचे थवे पाहतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, इथल्या शाळकरी मुलांनाही हे पक्षी हिवाळ्याच्या सुमारास येतात आणि पावसाळ्याआधी जातात हे माहीत असते. असे काही दिसले की माझा त्या दोघांच्या प्रेमावरचाही विश्वास डळमळतो. जो लेखक पक्ष्यांकडे नीट पाहत नाही, तो माणसांकडे तरी कसा पाहणार?

शब्दवेल

सर्वांचे आभार. मुद्रणप्रत, तुमच्या प्रश्नावर मी विचार केला. भूखंडावर सही करायची की नाही, हा निर्णय नायकाला कथेच्या मध्यावर घ्यावा लागतो. सही केली तर त्याच्या वाट्याचे पैसे मिळून दोघांना स्वतंत्र घर घेता येते, पण मोठ्या भावाचा संसार उघड्यावर येतो. नायिकेला स्वतंत्र घर हवे आहे, आणि तिच्या कारणांमुळे ते हवे असणे अगदी रास्त आहे. म्हणजे वाद पार्श्वभूमीला नाही. पण प्रकाशकांनी बहुधा सुरुवातीची तीन प्रकरणे आणि सारांश पाहिला असेल, आणि हा प्रसंग त्यांत कुठेच नाही. सारांश मी प्रेमकथेच्या अंगाने लिहिला होता.

दुसरे म्हणजे, सामाजिक आशय वाढवण्यासाठी गावठाणातल्या आंदोलनावर एक प्रकरण घालावे, असे मला सुचवण्यात आले आहे. ते घालण्याची माझी इच्छा नाही.

मुद्रणप्रत

घालू नका. सारांश नव्याने लिहा आणि त्याच्या पहिल्या परिच्छेदातच सहीचा निर्णय येऊ द्या. कादंबरीत भूखंडाची पहिली चाहूल पहिल्याच प्रकरणात लागेल असे पाहा. घरात आलेली एखादी नोटीस किंवा जेवताना मध्येच तुटलेले बोलणे पुरेसे आहे. प्रेमकथा प्रेमकथाच राहील आणि तिचे वजन वाचकाला सुरुवातीपासून जाणवेल.

मोगरा_नौपाडा

ताई, तुमचा धागा वाचून राहवले नाही. प्रकाशकांच्या नकारावर सगळे बोलत आहेत, पण प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला त्याआधी घरातला नकार पचवावा लागतो, त्याविषयी कोणी बोलले नाही. माझी पहिली कथा छापून आली तेव्हा सासरच्या एका समारंभात मला सर्वांसमक्ष विचारले गेले की यातला ‘तो’ कोण. खुनाची कथा लिहिणाऱ्याला कोणी असे विचारत नाही. त्यानंतर काही काळ माझ्या कथांतली माणसे एकमेकांचा हातही धरेनाशी झाली, कारण लिहिताना मला खोलीत सगळे नातेवाईक उभे असल्यासारखे वाटे.

त्यातून बाहेर पडायला मला टोपणनावाने मदत केली. यात लपण्यासारखे काही नाही. त्या नावाने लिहायला बसले की मी कोणाची सून किंवा कोणाची वहिनी राहत नाही, आणि कथेतल्या बाईला जे वाटते तेवढेच लिहू शकते. माझ्या सासूबाई आता माझ्या पहिल्या वाचक आहेत. संवाद खोटा वाटला की त्या पानाच्या कडेला पेन्सिलने फुली मारतात, आणि त्यांच्या फुल्या बहुतेक वेळा योग्य जागी असतात.

चिकाटीबद्दल एवढेच सांगेन की परत आलेल्या बाडाकडे पाहत बसण्यापेक्षा पुढची कथा सुरू असणे फार उपयोगाचे ठरते. नवे लेखन हाती असले की जुन्या लेखनाला आलेला नकार तेवढ्यापुरताच राहतो, आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही दुसरी कादंबरी सुरू केली आहे का?

करारनामा (वाशी)

मी वकील आहे, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. नकारांनी थकलेल्या लेखकाकडे पहिला होकार बऱ्याचदा ‘निर्मितीखर्चात सहभाग द्या’ किंवा ‘तीनशे प्रती तुम्ही विकत घ्या’ अशा अटीसह येतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काहीच नाही, पण मग ते स्वखर्चाने काढलेले पुस्तक आहे हे दोन्ही बाजूंना मान्य असावे आणि प्रती व हक्क लेखकाकडे असावेत. पैसे लेखकाचे आणि हक्क प्रकाशकाचे, असा करार करू नये.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ प्रत्येक लेखकाने वाचावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता समजला जातो. आणि हक्क घेऊन प्रकाशकाने एका वर्षात त्यांचा वापरच केला नाही, तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास ते हस्तांतरण संपते. ‘वेगळे काही नमूद नसल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून छापील मसुद्यातली ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांतील’ ही दोन विशेषणे दिसली की थांबून विचारावे. ऑडिओ, अनुवाद आणि दृश्य माध्यमांचे हक्क पुस्तकाच्या हक्कांपासून वेगळे ठेवता येतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो. घाईत केलेल्या सहीचा परिणाम तुमच्या नातवंडांपर्यंत पोहोचू शकतो.

कोरी_वही

पैसे देऊन पुस्तक काढण्याबाबत मी करारनामा यांच्याहून कडक मताचा आहे. पहिले पुस्तक पैसे देऊन काढले की संपादनाचा टप्पा गळतो, कारण पैसे देणाऱ्या लेखकाला कोणी ‘हे प्रकरण काढा’ असे सांगत नाही. पहिल्या कादंबरीला सर्वांत जास्त गरज याच वाक्याची असते.

रेषा_नेरूळ

ते अंशतः खरे आहे. पण स्वतंत्र संपादकाला मानधन देऊन काम करून घेता येते, आणि अनेक जणी तसे करतात. संपादनावर खर्च करा, छपाईवर नंतर करा, असे मी म्हणेन.

जीर्णपुस्तक (निवृत्त ग्रंथपाल)

एका मार्गाचा उल्लेख राहिला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे. तिच्यात कादंबरीही येते आणि हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचून घेतले जाते. प्रस्ताव मागवल्याची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवावे. निर्णयाला वेळ लागतो, परंतु स्वतःचे पैसे घालण्यापूर्वी हे दार ठोठावणे केव्हाही चांगले. आणि कोरी_वही, तुमचा मघाचा मुद्दा मला पटला. इतिहास लेखकाला धीर देतो, पण बाडात काय आहे याचे उत्तर तो देत नाही.

शब्दवेल

मोगराताई, दुसरी कादंबरी सुरू केली नव्हती, पण तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून एक विषय डोक्यात घोळतो आहे आणि या आठवड्यात मी पहिले प्रकरण लिहायला घेत आहे. पहिल्या कादंबरीबाबत असे ठरवले आहे: सारांश नव्याने लिहीन, भूखंडाची नोटीस पहिल्या प्रकरणात आणेन, आंदोलनाचे प्रकरण घालणार नाही, आणि ज्यांनी सविस्तर पत्र लिहिले त्यांनाच कोरी_वही यांनी सुचवलेला प्रश्न विचारून सुधारित बाड आधी पाठवीन. कादंबरी ऑनलाइन टाकण्याचा निर्णय तोपर्यंत पुढे ढकलते. मध्यंतरी कादंबरीतला एक प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकाला पाठवला, तर पुढे कादंबरीत तो वापरायला अडचण येते का?

करारनामा (वाशी)

अंकाने फक्त त्या अंकापुरते प्रथम प्रकाशनाचे हक्क घेतले असतील तर अडचण येत नाही. कथा पाठवतानाच ई-मेलमध्ये तसे स्पष्ट लिहावे आणि स्वीकृतीचे उत्तर जपून ठेवावे. पुढे कादंबरीच्या करारावेळी त्या प्रसंगाच्या पूर्वप्रसिद्धीची माहिती प्रकाशकाला द्यावी.

मुद्रणप्रत

आणि मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइल म्हणून पाठवा. फाइलला ‘कथा अंतिम’ असे नाव देऊ नका. कथेचे शीर्षक आणि तुमचे नाव द्या, कारण संपादकाच्या संगणकावर ‘कथा अंतिम’ नावाच्या पुष्कळ फाइली असतात. तीन हजार शब्दांच्या आसपास ठेवा. सहीचा प्रसंग निवडणार असाल तर त्याच्या आधीचे जेवणाचे दृश्यही त्यातच घ्या. मोठा भाऊ वाचकाला आधी भेटलेला असला पाहिजे.